तळटीप : ‘मनातला नकाशा’

७. हा शब्दप्रयोग एडवर्ड टोलमन यांचा, १९४८चा. भूलभुलैयात सोडलेल्या उंदरांवरून सुचलेला. वर्तनवाद्यांना त्यातले ‘मनातला’च खटकायचे. १९७१मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठरावीक जागी पोचल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या आणि नकाशाला मेंदूत पत्ता मिळाला. (नोबेल बरेच उशिरा, २०१४ साली.) लेखकाने दिलेला वांगणीचा दाखला चपखल आहे. तिथे अनेक अंध कुटुंबे राहतात; बरेचजण लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकतात. काठी पहिल्या पायरीला लागली की पुढचा जिना डोक्यात तयार असतो. मात्र ‘डोळ्यांऐवजी कान’ एवढ्यावर भागत नाही : लहानपणीच दृष्टी गेलेल्यांनी ब्रेल वाचताना मेंदूचा दृष्टीचा भागही कामाला लागतो, हे १९९६मध्ये दिसून आले. — संपा.