धावडा: यवतमाळच्या रानातले सरपण

यवतमाळच्या जंगलाचे नाव निघाले की साग आठवतो. जळणात मात्र मान धावड्याचा. पांढुरक्या, गुळगुळीत सालीचे हे झाड पैनगंगेच्या खोऱ्यातल्या खडकाळ उतारांवर सागाच्या सोबतीने वाढते. हिवाळ्यात त्याची पाने तांबूस होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गळून जातात. वाळलेले लाकूड घनमीटरला ९०० किलोच्या आसपास भरते, साग साधारण ६५०. धावडा पेटायला वेळ घेतो, पण एकदा पेटला की निखारा टिकतो. कोळशासाठी तो यामुळेच नावाजला गेला. गाडीचा आस, कुऱ्हाडीचा दांडा यांनाही हेच चिवट लाकूड लागे. त्याचा डिंक तर आजही घरोघरी लाडवांत पडतो.

कापसाच्या या मुलखात रोजच्या चुलीला पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्या पुरत. रानालगतच्या गोंड, कोलाम, आंध वस्त्यांचा आणि बंजारा तांड्यांचा भर मोळीवर होता. पावसाळ्याआधी सरपण घरात येणे ही मोठी निकड, आणि डोक्यावरून मोळी आणण्याचे कष्ट बहुतेक बायकांचे.

यवतमाळ ज्या वऱ्हाडात मोडते, ते १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८८६ मध्ये वऱ्हाडाचा वेगळा वनकायदा झाला आणि सरकारी जंगलाचे तीन वर्ग पडले: इमारती लाकूड व जळणाचे राखीव रान, गवताची कुरणे आणि चराई. तेव्हाचा वणी जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळ झाला. वणीच्या जमिनीत दगडी कोळसा आहे हे इंग्रजांना ठाऊक होते, पण तो काही खेड्यातल्या चुलीसाठी नव्हता.

राखीव रानात ओले झाड तोडणे गुन्हा ठरला. पडलेली, वाळलेली लाकडे नेण्याची तेवढी मुभा असे. कागदावर ही सवलत उदार दिसते. प्रत्यक्षात वाळका धावडा फोडणे फार जिकिरीचे, कारण सुकल्यावर त्यावर कुऱ्हाड चालत नाही. ओली फांदी थोड्या श्रमात तुटते आणि घरी वाळते. कायद्याने गरिबांच्या वाट्याला सर्वांत कष्टाचे लाकूड ठेवले, आणि सोपे लाकूड तोडणाऱ्याला गुन्हेगार केले.

वनखात्याची तोड कूप, म्हणजे तोडीचे तुकडे, पाडून पाळीपाळीने होई. धावड्याचे बी बहुतांश पोकळ निघते, त्यामुळे त्याची नवी पिढी मुख्यतः खुंटाच्या फुटव्यांतून येते. खुंट जमिनीलगत, उतरता आणि साल न फाटता तोडला तर त्यात पाणी साचत नाही आणि फुटवा जोमाने येतो. घाईने, उंचावर आणि वेडीवाकडी केलेली तोड हाच फुटवा बिघडवते. चोरून तोडणाऱ्याला नीट तोडण्याइतका वेळ कुठला मिळणार? बंदीमुळे रान वाचले असे सरसकट म्हणता येत नाही, ते याच कारणाने.

या बंधनांवरचा रोष १९३० मध्ये उघडपणे बाहेर आला. विदर्भाला समुद्र नाही, त्यामुळे मिठाऐवजी जंगल हे सत्याग्रहाचे क्षेत्र ठरले. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै रोजी पुसदजवळ राखीव रानातले गवत कापून कायदा मोडला आणि अटक पत्करली. त्याच महिन्यात यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या रानात डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांच्या तुकडीनेही सत्याग्रह केला. कापले गेले ते गवत. पण ज्या गावांचे सरपणही गवताइतकेच राखीव झाले होते, त्यांना या सत्याग्रहाचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

स्वातंत्र्यानंतरही १९२७ चा भारतीय वन कायदा चालूच राहिला. टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्ये झाल्यावर तिथल्या मोळीवर आणखी निर्बंध आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तार हक्क, म्हणजे घरगुती गरजेसाठी रानातून वस्तू घेण्याचे पूर्वापार हक्क, मान्य केले. या कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू आणि तेंदूपानांबरोबर झाडोरा व खुंटही घातले, इमारती लाकूड मात्र वगळले. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गरीब घरांत गॅसची शेगडी पोचली. तरी सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, आणि त्या चुलीत पऱ्हाटीबरोबर रानातले लाकूडही जळते.