काथ्या : फर्निचरनिर्मितीतील उपयोग

नारळाच्या सोडणातून, म्हणजे करवंटी आणि बाहेरची गुळगुळीत साल यांच्यामधील जाड आवरणातून, निघणारा तंतू. बैठक व शय्या यांच्या निर्मितीत वेत, अंबाडीचा वाख, घायपात इत्यादी अनेक वनस्पतिजन्य तंतूंचा उपयोग पूर्वापार होत आला असला, तरी झाड न तोडता केवळ फळाच्या टाकाऊ भागातून मिळणारा आणि वर्षभर उपलब्ध असणारा जिन्नस म्हणून काथ्याचे स्थान त्यांत विशेष मोलाचे आहे.

या तंतूची लांबी साधारणतः 10 ते 30 सेंमी. असते. त्यातील लिग्निनाचे प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बहुतेक वनस्पतिजन्य तंतूंहून पुष्कळच अधिक असल्यामुळे तो दमट हवेत व खाऱ्या पाण्यातही लवकर कुजत नाही. आणि ज्यूटचा तंतू जेथे दोनेक टक्के ताणला जाताच तुटतो, तेथे काथ्या 15 टक्क्यांहून अधिक ताण सोसतो. माणसाच्या वजनाखाली वारंवार दबून पुन्हा पूर्ववत होणे हे आसनाचे मुख्य काम असल्याने हाच गुण त्याला त्या कामी योग्य ठरवतो. स्पर्शाला मात्र तो खरबरीत आहे, सबब अंगाशी येणाऱ्या बाजूस सुती आच्छादन लागते.

पांढऱ्या काथ्यासाठी हिरवट सोडणे खाडीच्या पाण्यात सहा महिने ते वर्षभर बुडवून ठेवतात. या अवधीत जिवाणू पेक्टिनाचे विघटन करतात आणि मग ती बडवून तंतू सुटे केले जातात. हे बडवण्याचे व कातण्याचे कष्टाचे काम बहुतांशी स्त्रियांच्या वाट्याला आलेले असून त्याचा मोबदला नेहमीच तुटपुंजा राहिला आहे. कुजवण्याच्या क्रियेत हायड्रोजन सल्फाइड सुटून पाणी दूषित होते आणि मासळीची हानी होते, ही गोष्टही काथ्याच्या जमाखर्चात धरलीच पाहिजे. यंत्राने तंतू काढल्यास हा काळ व हा उपद्रव दोन्ही पुष्कळ घटतात.

केरळमधील अलप्पी येथे जेम्स डारा याने 1859 साली काथ्याचा कारखाना काढला. पुढे भारत सरकारने 1953 च्या अधिनियमान्वये या उद्योगासाठी मंडळ स्थापन केले. कारखानदारी पद्धतीत तंतूंना पीळ देऊन तो वाफेने पक्का करतात, मग पीळ उकलून त्या कुरळ्या तंतूंच्या थरांवर रबराचा चीक फवारतात आणि उष्णतेने थर घट्ट बसवतात. गाद्या व सोफ्याच्या बैठकी यांसाठी हे रबरी काथ्याचे ठोकळे वापरले जातात. खनिज तेलापासून बनणाऱ्या फोमपेक्षा ते निश्चितच श्रेयस्कर होत. परंतु रबराशी एकजीव झालेला तंतू पुन्हा सुटा करणे दुर्घट असल्याने असा ठोकळा एकदा बसला की तो टाकूनच द्यावा लागतो.

या दृष्टीने पाहता काथ्याचा सर्वांत समंजस उपयोग जुन्या बाजेतच झाला आहे. फणसाच्या किंवा सागाच्या चौकटीवर सुंभाची, म्हणजे काथ्याच्या दोरीची, वीण घालावयाची, ती सैल पडली की पायथ्याची दोरी ओढून ताणून घ्यावयाची, आणि झिजली की लाकडाला धक्का न लावता नवी विणावयाची, ही तजवीज इतकी साधी आहे की खिळा, सरस अथवा यंत्र यांवाचून ती कोणत्याही खेड्यात होऊ शकते. चौकट पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि उतरवलेला सुंभ मातीत मिसळून जातो. वस्तूचा टिकाऊपणा ती कशाची बनली यावर जितका, तितकाच ती पुन्हा दुरुस्त करता येते की नाही यावरही अवलंबून असतो, आणि हे तत्त्व आजच्या बहुतेक कारखान्यांच्या हिशेबात येत नाही. विणकऱ्याला रास्त मेहनताना मिळेल अशा बेताने शासकीय विश्रामगृहे, वसतिगृहे व धर्मशाळा यांच्या खरेदीच्या फर्दीत सुंभाने विणलेल्या खाटांना व बाकांना जागा मिळाली पाहिजे.