निव्वळ मूर्त मत्ता : आयबीएमचे उदाहरण

कंपनीच्या एकूण मत्तेतून ख्याती, एकस्वे, व्यापारचिन्हे यांसारख्या अमूर्त मत्ता आणि सर्व देयता वजा जाता उरते, ती निव्वळ मूर्त मत्ता होय. कारभार मिटविण्याची वेळ आल्यास धनकोंची भिस्त प्रामुख्याने मूर्त मत्तेवरच असते. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९६४ मध्ये ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली, त्या काळी ती आपली यंत्रे बहुधा भाड्याने देई. यंत्रे ग्राहकाकडे असली, तरी मालकी कंपनीचीच राही. त्यामुळे ताळेबंदाच्या मत्ता बाजूस मूर्त वस्तूंचा भरणा असे. पुढे व्यवसाय सेवा व आज्ञावली यांकडे वळला. भागांच्या पुनर्खरेदीमुळे भागधारकांचा निधीही आटला. २०१९ मध्ये रेड हॅट ही कंपनी सु. ३४ अब्ज डॉलरना घेतल्यावर वर्षअखेरीस ख्यातीच सु. ५८ अब्ज डॉलर झाली. भागधारकांचा निधी मात्र सु. २१ अब्ज होता. म्हणजे निव्वळ मूर्त मत्ता ठळकपणे उणे झाली. तरीही त्याच वर्षी व्यवसायातून सु. १५ अब्ज डॉलर रोकड मिळाली. विकत घेतलेले ज्ञान मत्ता ठरते व स्वतःच्या संशोधनावरील व्यय बहुतांशी त्याच वर्षी खर्ची पडतो, ही जमाखर्चातील विसंगतीच म्हणावी लागेल.