घरच्या घरी सुतारकाम करताय? बोटं वाचवणारी कामं बटण दाबण्याआधीच करावी लागतात

ग्राइंडर, कटर, ड्रिल, जिगसॉ ही मशीन आता हार्डवेअरच्या दुकानात आणि ऑनलाइनही सहज मिळतात. त्यामुळे गॅलरीतलं शेल्फ किंवा मुलांचं टेबल स्वतःच बनवणाऱ्यांची कमी नाही. पण मशीनसोबत आलेलं माहितीपत्रक बहुतेक वेळा खोक्यातच राहतं आणि 'जपून काम करू' एवढ्या भरवशावर काम सुरू होतं. नुसतं जपून काम करणं पुरेसं का नाही, हे समजून घेऊया.

हात वेळेत मागे घेता येत नाही का?

नाही. घरात सर्रास दिसणारा ४ इंची ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला साधारण ११ हजार फेरे घेतो. हिशेब केला तर त्याच्या चकतीच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. काहीतरी बिघडलंय हे कळून हात हलेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात चकतीचे ३५ हून जास्त फेरे झालेले असतात.

हीच अडचण ओळखून अमेरिकेत 'सॉस्टॉप' नावाची करवत तयार झाली. भौतिकशास्त्रज्ञ आणि पेटंट वकील असलेल्या स्टीव्ह गॅस यांनी ती शोधली. तिच्या पात्यातून हलका विद्युत संकेत जात असतो. त्वचेचा स्पर्श होताच तो संकेत बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पातं सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबतं. घरगुती ग्राइंडर किंवा कटरमध्ये अशी सोय नसते. तिथे बचाव करायचा तो मशीन सुरू होण्याआधीच.

'किकबॅक' म्हणजे नेमकं काय?

हातकरवतीने फळी कापताना ती मध्येच अडकते, हे अनेकांनी अनुभवलं असेल. फळी वाकते, कापलेली फट मिटते आणि करवत चिमटीत सापडते. हातकरवत अडकली की नुसती थांबते. मशीनचं पातं मात्र मोटरच्या जोरावर फिरत असतं. ते अडकलं की सगळी ताकद उलट्या दिशेने येते आणि मशीन झटक्याने कापणाऱ्याच्या अंगावर उसळतं. यालाच किकबॅक म्हणतात.

याचं नेहमीचं कारण म्हणजे प्लाय दोन स्टुलांवर ठेवून मधोमध कापणं. काप पुढे सरकतो तसे दोन्ही भाग खाली झुकतात आणि पातं मध्ये दाबलं जातं. त्यासाठी कापाच्या दोन्ही बाजूंना, कापाच्या जवळच आधार द्यावा. जो तुकडा सुटून पडणार आहे, तो लहान असेल तर मोकळा पडू द्यावा. फळी पायाखाली दाबून धरण्याऐवजी क्लॅम्पने टेबलाला पक्की करावी. म्हणजे दोन्ही हात मशीनवर राहतात आणि पात्याच्या वाटेत काहीच येत नाही. आपण स्वतः पात्याच्या सरळ रेषेत न थांबता थोडं बाजूला उभं राहावं.

ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावलं तर चालेल?

बाजारात अशी पाती मिळतात आणि 'एकाच मशीनमध्ये दोन कामं' म्हणून ती घेतलीही जातात. पण ग्राइंडरच्या माहितीपत्रकातच सहसा इशारा असतो की त्याला दातेरी करवतीचं किंवा चेनचं पातं लावू नये, कारण त्याने वारंवार किकबॅक होतो आणि मशीनवरचा ताबा सुटतो. ग्राइंडर घासण्यासाठी आणि धातू कापण्यासाठी बनवलेला असतो. लाकडावर सपाट टेकून किती खोल कापायचं ते ठरवणारी पट्टी त्याला नसते. मोठं पातं बसावं म्हणून गार्ड काढला, तर धोका आणखी वाढतो.

मार्बल कटरचंही असंच आहे. फरशीसाठी बनवलेला हा कटर प्लाय कापायला सर्रास वापरला जातो. लाकडासाठीच्या सर्क्युलर सॉला खाली स्प्रिंगचा गार्ड असतो. काप संपला की तो आपोआप पात्यावर येतो. मार्बल कटरला बहुतेक वेळा फक्त वरचं कव्हर असतं. बटण बंद केल्यावरही पातं काही सेकंद फिरत राहतं आणि ते उघडंच असतं. त्यामुळे पातं पूर्ण थांबेपर्यंत मशीन खाली ठेवू नये. पात्यावर लिहिलेला कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असेल, तर ते पातं वापरूच नये.

कटर उलटा बसवून टेबल करणं कितपत सुरक्षित?

प्लायला खाच पाडून खालून कटर उलटा बसवायचा, हा जुगाड लोकप्रिय आहे. कंपनीच्या टेबल सॉमध्ये तीन गोष्टी असतात, त्या इथे नसतात. पहिली, पात्यावरचा गार्ड. दुसरी, पात्यामागची पातळ पोलादी पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ. ती कापलेली फट मिटू देत नाही. ती नसेल तर पात्याचे मागचे, वर येणारे दाते फळी उचलून थेट माणसाकडे फेकतात. तिसरी, अडचण आली की पटकन दाबता येईल असं बंद करायचं बटण. टेबलावर कापताना पात्याजवळ बोटं न नेता खाचेच्या काठीने फळी पुढे ढकलावी.

१९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रांचे धोकादायक भाग झाकणं बंधनकारक केलं होतं. घरात तपासायला कोणी निरीक्षक येत नाही. गार्ड जागेवर आहे की नाही, हे ज्याचं त्यानेच बघायचं असतं.

मग हातमोजे घालावेत का?

ड्रिल, राउटर, टेबल सॉ अशा फिरणाऱ्या मशीनवर काम करताना सैल किंवा विणलेले हातमोजे घालू नयेत. त्यांचा धागा अडकला की मशीन मोज्यासकट हात आत ओढतं. ओढणी, पदर, सैल बाह्या, मोकळे केस, मनगटातला दोरा, अंगठी आणि गळ्यातली साखळी यांचाही तोच धोका. पात्याला धार लावताना किंवा खडबडीत फळ्या उचलताना मात्र हातमोजे जरूर घालावेत.

चष्मा, मास्क आणि कानांचं संरक्षण हवंच. नंबरचा चष्मा बाजूंनी उघडा असतो, म्हणून वेगळा सेफ्टी गॉगल घ्यावा. लाकडाच्या धुळीमुळे कॅन्सर होतो, असं वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या संस्थेने १९९५ मध्येच केलं आहे. बारीक भुशासाठी रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो. मशीन करवतीचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. अमेरिकेच्या निऑश या संस्थेच्या निकषानुसार एवढ्या आवाजात दिवसभरात १५ मिनिटांपेक्षा जास्त राहू नये.

सुरू करण्याआधी काय तपासायचं?

- पातं बदलताना किंवा गार्ड हलवताना आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.
- प्लग लावण्यापूर्वी मशीनचं बटण बंद असल्याची खात्री करा. ग्राइंडरचं बटण अनेकदा 'ऑन'लाच अडकलेलं असतं.
- फळीत खिळा, स्क्रू किंवा सुटलेली गाठ आहे का ते पाहा. जुन्या दारा-खिडक्यांचं लाकूड असेल तर नक्कीच.
- वायर पात्याच्या मागे ठेवा. सोललेली वायर टेप लावून वापरू नका. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा.
- लहान मुलं खोलीबाहेर आहेत ना, ते बघा. दमला असाल तर शेवटचा काप उद्यावर टाका.

एवढं करूनही बोट कापलं गेलं तर?

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. हाताला सूज येण्याआधी अंगठी काढा. हळद किंवा कॉफी पावडर भरू नका, त्याने जखम दूषित होते.

तुटलेला भाग शोधा. तो स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तो भाग थेट बर्फावर किंवा फ्रीझरमध्ये ठेवला तर गोठून निकामी होतो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. बोट जोडण्याची शस्त्रक्रिया कुठे होते, हे निघतानाच विचारून घ्या, म्हणजे चुकीच्या रुग्णालयात वेळ जाणार नाही.

अशा रुग्णालयाचा नंबर आधीच मोबाइलमध्ये ठेवलेला बरा. आणि घरात दुसरं कोणी नसताना मशीन सुरूच करू नये, कारण एका हाताने जखम दाबून दुसऱ्या हाताने एवढं सगळं करणं फार अवघड जातं.