नेल्सनचा काणाडोळा

एक कला आजकाल सगळ्यांना येते. ग्रुपवर नको तो मेसेज आला की नोटिफिकेशनमध्येच वाचायचा, उघडायचा नाही. निळी टिक नाही, म्हणजे पुरावा नाही! इंग्रजीत याला 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणतात, आपण म्हणतो काणाडोळा करणे. गंमत बघा, काणा म्हणजे एका डोळ्याने आंधळा. आणि इंग्रजीत या वाक्प्रचाराबरोबर जी गोष्ट सांगतात, तीही अशाच एका माणसाची आहे.

२ एप्रिल १८०१, कोपनहेगन. ब्रिटनचं फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि ब्रिटिश आरमार तटस्थ देशांच्या जहाजांचीही झडती घेत होतं. त्याविरुद्ध रशिया, डेन्मार्क, स्वीडन आणि प्रशिया एकत्र आले. ही युती मोडायला ब्रिटिश आरमार निघालं. प्रमुख होते अ‍ॅडमिरल हाइड पार्कर आणि त्यांच्या हाताखाली होरेशिओ नेल्सन. नेल्सनच्या उजव्या डोळ्याची दृष्टी १७९४ मध्येच कॉर्सिका बेटावरच्या लढाईत गेली होती.

हल्ला नेल्सनने चढवला, पार्कर लांब थांबले. नेल्सनची तीन जहाजं गाळात रुतली, डॅनिश तोफा काही थंड होईनात. लांबून ते चित्र बघून पार्करनी ३९ नंबरचा सिग्नल चढवला: लढाई थांबवा. नेल्सनने 'मिळाला' एवढीच पोच दिली आणि स्वतःचा 'जवळून लढा' हा सिग्नल तसाच फडकत ठेवला. मग म्हणे दुर्बीण उजव्या डोळ्याला लावली आणि सांगितलं, मला तर सिग्नल दिसतच नाही. हे आपल्याला कळलं ते त्याच जहाजावर असलेल्या कर्नल स्टुअर्टकडून. (वाक्प्रचार मात्र नेल्सनच्या जन्माआधीपासून इंग्रजीत होता. त्याने तो जन्माला नाही घातला, प्रसिद्ध केला.)

नेल्सन जिंकला. पार्करना परत बोलावलं आणि त्यांची जागा नेल्सनलाच मिळाली. हरला असता तर कोर्ट मार्शल होतं, हे आपण गोष्ट सांगताना सोयीने विसरतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, या युतीमागचा खरा जोर असलेल्या रशियाच्या झार पॉलचा खून लढाईच्या काही दिवस आधीच झाला होता. बातमी कोपनहेगनला पोचायची होती, बस्स.

मला मात्र यात कॅप्टन एडवर्ड रायू जास्त आठवतो. त्याच्याकडे छोट्या जहाजांची तुकडी होती. त्याला पार्करचा सिग्नल दिसला, नेल्सनचा बहुतेक धुरात दिसला नाही. त्याने हुकूम पाळला आणि जहाज वळवलं. वळताना जहाजाची मागची बाजू तोफांसमोर उघडी पडली आणि एका गोळ्याने तो जागीच गेला.

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये नेल्सनची कबर आहे. रायूचं स्मारकही तिथेच आहे.