थकवा पायात की डोक्यात?

गडचिरोली किंवा चंद्रपूरकडच्या रस्त्यांवर पहाटे निघालात, तर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी धावताना दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. शेवटच्या टप्प्यात कुणाचे पाय भरून आले की कडेने आवाज येतो, "मन घट्ट कर!" मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हाही आपण कौतुक केलं ते जिद्दीचं. म्हणजे जमलं तर मनामुळे, नाही जमलं तरी मनामुळेच. मग पायांचं काय?

माझ्या पीएचडीचा विषय हाच आहे: व्यायामात पायाचे स्नायू थकतात तेव्हा मज्जासंस्था काय करते, आणि ते मोजायचं कसं. तुम्ही या वाटेने येणार असाल तर यंत्राला हात लावण्याआधी मोजमापाचा इतिहास वाचा. मी तो उशिरा वाचला.

सुरुवात पायापासून नाही, बोटापासून झाली. इटलीत तुरिनला आंजेलो मोस्सो यांनी १८८० च्या दशकात 'एर्गोग्राफ' बनवला. दोरीला वजन बांधायचं आणि मधल्या बोटाने ते पुन्हा पुन्हा ओढायचं. प्रत्येक ओढ कागदावर उमटायची, आणि रेघा हळूहळू बुटक्या होत जायच्या. गंमत बघा, विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन आलेल्या सहकाऱ्याचं बोटसुद्धा लवकर थकलं! थकव्यावरच्या १८९१ च्या पुस्तकात मोस्सोंनी डोकं आणि स्नायू दोघांनाही जागा दिली.

मग आली वीज. जर्मनीत हान्स पायपर स्नायूंतल्या विद्युत लहरी नोंदवत होते. थकव्यात या लहरी संथ होतात, हे त्यांनी १९१२ मध्ये मांडलं. १९२३ मध्ये कॉब आणि फोर्ब्स यांना लहरी संथ होताना त्यांची उंचीही वाढलेली दिसली.

इथेच मी फसलो. माझ्या पहिल्या चाचणीत सायकल मारणाऱ्या मुलाच्या मांडीचा ईएमजी चढत गेला आणि मी वहीत लिहिलं, "स्नायूची ताकद वाढली." तो बिचारा तेव्हा घामाघूम होऊन थांबायच्या बेतात होता! खरं कारण असं: आधी कामाला लागलेले तंतू थकले की तेवढंच काम करायला मज्जासंस्था आणखी तंतू कामाला लावते. त्यामुळे लहर उंचावते. म्हणजे ईएमजी मेंदूकडून आलेल्या हुकमाची चाहूल देतो, थेट ताकद दाखवत नाही.

मग हुकूम कमी पडला की स्नायू, हे कसं ओळखायचं? १९५४ मध्ये लंडनला पी. ए. मर्टन यांनी सोपी युक्ती वापरली. अंगठा पूर्ण जोर लावून दाबायचा, आणि त्याच क्षणी मनगटाजवळच्या मज्जातंतूला विजेचा झटका द्यायचा. झटक्याने जोर वाढला, तर मेंदू राखून खेळतोय. वाढला नाही, तर थकवा स्नायूतच आहे. मर्टन यांना जोर वाढलेला दिसला नाही. पण १९७८ मध्ये ब्रेंडा बिगलँड-रिची आणि सहकाऱ्यांनी मांडीचा पुढचा स्नायू तपासला, तेव्हा काही जणांत हुकूमही कमी पडलेला आढळला. अंगठ्याचं उत्तर मांडीला जसंच्या तसं लागू पडलं नाही.

शेवटचा धक्का २००९ चा. मार्कुस आमान यांच्या गटाने सायकलपटूंच्या कण्यात फेंटानिल हे औषध देऊन पायांकडून मेंदूकडे जाणारे थकव्याचे निरोप दाबले. पाच किलोमीटरची शर्यत त्यांनी सुरुवातीला जास्त जोरात मारली, नंतर मागे पडले. एकूण वेळ तितकाच लागला, पण मांडीचे स्नायू नेहमीपेक्षा जास्त थकले आणि नंतर नीट चालणंही जड गेलं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मेंदू हात आखडता घेतो तो बऱ्याचदा पायांचं ऐकूनच, पाय वाचावेत म्हणून. "डोक्यातला थकवा" म्हणजे इच्छाशक्तीची कमतरता नव्हे.

म्हणून कोणताही एकच आकडा घेऊन निष्कर्ष काढू नका. व्यायामाआधी आणि नंतर जोर मोजा. परवानगी आणि देखरेख असेल तर झटक्याची चाचणीही जोडा. ईएमजीची उंची आणि गती दोन्ही बघा. आणि समोरच्याला विचारा, "किती जड जातंय?" त्यासाठी गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची मोजपट्टी आहेच. हे सगळं शेजारी शेजारी मांडल्याशिवाय, रस्त्यावर थांबलेल्या मुलाबद्दल "मनाने कच्चा" असं लिहायचा आपल्याला काही अधिकार नाही.

पुढच्या वेळी इलेक्ट्रोड मांडीवर नेमके कुठे लावायचे ते बघू.