खत, मुदत आणि हुकूमनामा

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी आठवड्याच्या बाजाराला जमलेली रयत गुजराती सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण भीमथडी, शिरूर आणि नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदे भागांत पोहोचले. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. लूट झाली, एखाद्या ठिकाणी आगही लागली, पण रक्त फारसे सांडले नाही. जमावाची मागणी एकच होती, आणि ती गावोगाव सारखी होती: कर्जखते बाहेर काढा. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने पुढे टाकले, तिथे बहुतेक वेळा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. कागदांची होळी झाली आणि माणसे घरी गेली. अडाणी रयतेला वाटले असेल की कागद जळाला म्हणजे कर्ज जळाले, असा एक सोपा समज यावरून होऊ शकतो. मला तो उलटा वाटतो. १८७५ सालच्या दिवाणी कायद्यात कर्ज म्हणजे बव्हंशी तो कागदच होता. सुप्याच्या जमावाला लिहिता-वाचता येत नसेल, पण कायदा कुठे बसतो हे त्याला पक्के ठाऊक होते.

हे पटायला आधीची घडी पाहावी लागते. पेशवाईत देण्याघेण्याचा तंटा पंचायतीपुढे जाई. दोन्ही बाजूंकडून राजीनामा (म्हणजे निवाडा मान्य करण्याची कबुली) आणि जामीन घेतले जात, तकरिरी लिहून घेतल्या जात, शेजारीपाजारी साक्ष देत, मग निवाडपत्र होई. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. हे सारे सुरळीत चाले असे मानण्याचे कारण नाही. पंचायत महिनोन्‌महिने रेंगाळे, निवाडा झाला तरी तो अंमलात येईलच याची खात्री नसे. म्हणूनच बहुतेक सावकार तगाद्यावर विसंबत. ऋणकोच्या दारात माणूस बसवायचा, त्याचे खाणेपिणे ऋणकोच्या माथी मारायचे. प्रकरण हाताबाहेर गेले की उन्हात उभे करणे, डोक्यावर दगड देणे इथपर्यंत मजल जाई. दख्खनचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन याने १८१९ च्या अहवालात या तगाद्याची नोंद केली आहे. तेव्हा जुन्या व्यवस्थेला दयाळू म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण तिच्यात एक अटकाव होता, आणि तो दयेचा नसून हिशेबाचा होता. वसुली स्वतः करायची असल्यामुळे सावकार कुळाची ऐपत पाहून हात सैल सोडी. पाटलाशी आणि गावाशी वाकडे घेऊन त्याचा धंदा चालणार नव्हता. शिवाय हिशेबाला दामदुप्पटीची शीव होती: व्याज कधीही मुद्दलाहून अधिक मागता येत नसे.

इंग्रजी अंमलात हे एकाएकी मोडले नाही. एल्फिन्स्टनला पंचायती टिकवायच्या होत्या, पण १८२७ च्या कायदेसंहितेनंतर त्या मागे पडत गेल्या. दुसरीकडे विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मोजणीने शेताला नंबर मिळाला, खातेदाराला हक्क मिळाला, आणि तो हक्क विकता व गहाण टाकता येऊ लागला. म्हणजे रयतेच्या हाती प्रथमच असे तारण आले, की ज्यावर परका माणूसही पैसे द्यायला तयार होई. १८५५ साली व्याजाच्या दरावरचे कायदेशीर बंधन उठले. मग १८५९ साली दोन कायदे एकाच वर्षी आले: दिवाणी कामकाजाची संहिता आणि मुदतीचा कायदा. पहिल्याने वसुलीची वाट आखून दिली. दुसऱ्याचा हेतू तर रयतेच्या भल्याचाच होता. जुनी, शिळी कर्जे उकरून काढून सावकारांनी गरिबांना छळू नये म्हणून, नोंदणी नसलेल्या साध्या खतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. आधी लेखी देण्याला बारा वर्षे मिळत.

या तीन वर्षांनी काय केले ते आकड्यांतच पाहावे. शंभर रुपये, दरमहा दर शेकडा दोन रुपये व्याज, हा दर त्या काळी अंगावर काटा आणणारा नव्हता. तीन वर्षांत व्याज झाले ७२. मुदत संपत आली की सावकार म्हणणार, दावा लावू की खत बदलून देतोस? कुणबी खत बदलून देई. नव्या खतात मुद्दल १७२. पुढच्या तीन वर्षांनी २९६ च्या आसपास, नऊ वर्षांनी ५०९, बारा वर्षांनी ८७५. जुन्या हिशेबात हेच कर्ज, कितीही वर्षे गेली तरी, एका वेळी दोनशेच्या वर मागता आले नसते. दामदुप्पटीचा नियम मुंबईच्या न्यायालयांनी रद्द केला नव्हता. त्यांनी तो हिंदू ऋणकोंना लागू ठेवला होता. फक्त, दोघांच्या संमतीने व्याज मुद्दलात मिळवले तर नव्या मुद्दलापासून मोजणी सुरू होणार होती. मुदतीच्या कायद्याने ती संमती दर तीन वर्षांनी वठवून घ्यायची सोय करून दिली. त्यात मनोती म्हणून आधीच कापून घेतलेले रुपये आणि स्टँपाचा खर्चही कुळाच्याच खाती पडे.

आता त्या कागदाकडे जरा जवळून पाहू. स्टँपावर मोडी मजकूर, तो सावकाराच्या ओळखीच्या लेखकाने लिहिलेला. रोख रुपये भरून पावलो, ही ओळ त्यात ठरलेली, मग प्रत्यक्षात एक रुपयाही हातात पडलेला नसो. खाली दोन साक्षीदार. आणि कुणब्याच्या नावापुढे सही नाही, नांगराचे चित्र: निशाणी नांगर. ज्याला मजकुराचे एक अक्षर लागत नाही त्याने आपल्या अवजाराची खूण करून तो कबूल केलेला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने या कागदाला आणखी बळ दिले. लेखी कराराच्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा ऐकायचा नाही, हा त्यातला नियम. फसवणूक सिद्ध करण्याची वाट उघडी होती खरी, पण ती सिद्ध करायला वकील हवा, साक्षीदार हवेत आणि तालुक्याच्या गावी मुक्काम हवा. पेरणीच्या दिवसांत समन्स आले तर कोरडवाहू शेतकरी कोर्टात उभा राहणार की पाभरीमागे? तो गेला नाही म्हणजे दावा एकतर्फी. हुकूमनामा, दरखास्त, बेलिफ, जप्ती: पुढची पायरी आपोआप येई. कर्जापायी अटक करून दिवाणी तुरुंगात टाकण्याची तरतूदही होती. ज्या तगाद्याला एल्फिन्स्टनच्या काळी सावकाराला स्वतःची माणसे लागत, तो आता सरकारी शिपाई करू लागले.

यावर पहिला आक्षेप दंग्यांच्या चौकशी आयोगातूनच निघाला. आयोगाचे सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी वेगळे मत नोंदवून दोष वाढीव शेतसाऱ्यावर ठेवला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला चढलेला भाव १८६५ नंतर कोसळला, आणि नेमक्या त्याच सुमारास फेरमोजणीने इंदापूर, भीमथडीकडचा सारा बराच वाढला. हे खरेच आहे. पण त्यातून कर्ज का झाले हे कळते, राग कुठे वळला हे कळत नाही. सारा कारण असता तर जमावाने कचेरीतली दप्तरे मागितली असती. त्याने सावकाराची पेटी मागितली. दुसरा आक्षेप असा की परप्रांतीय मारवाडी-गुजराती लोकांवरचा तो राग होता. ब्राह्मण सावकार बरेचसे वाचले. यातही तथ्य आहे. गावाशी नाते नसलेला सावकार जितक्या बेफिकिरीने दरखास्त लावी, तितक्या बेफिकिरीने गावचा जोशी-कुलकर्णी लावू धजत नसे. पण नाते नसलेल्या माणसाला गावात बिनधास्त धंदा करणे शक्य झाले ते हुकूमनाम्यामुळेच. म्हणून हा आक्षेप मला माझ्या म्हणण्याचा पुरावाच वाटतो. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली दाखवले की दंगे मर्यादित मुलखात झाले आणि जमीन सावकारांच्या हाती गेल्याची चर्चा फुगवलेली होती. तरीही आयोगाने पाहिलेल्या गावांत सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात होते आणि त्यांचे कर्ज सरासरी साऱ्याच्या अठरा पट होते. जमीन नावावर चढवून घ्यायची सावकाराला घाई नसे. ती स्वतः कसायची कोणी? हुकूमनामा उशाशी ठेवून कुळाला त्याच्याच शेतात राबवणे त्याला जास्त परवडे. असे दडपण फेरफाराच्या नोंदींत मोजता येत नाही.

सरकारने शेवटी हेच निदान स्वीकारले, हे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यावरून दिसते. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो झाला. न्यायाधीशाने खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासून तपास करावा, मुद्दल आणि व्याज वेगळे मांडावे, व्याजावर व्याज धरू नये, प्रतिवादीला शक्यतो समोर बोलावून विचारावे, पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, आणि गहाण नसलेली जमीन विकू नये. साध्या खताची मुदत तीनवरून सहा वर्षे झाली. गावोगाव निबंधक नेमले, तडजोडीसाठी सलोखेदार नेमले. महादेव गोविंद रानडे यांनी १८९३ साली उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. ज्या कागदाच्या मागे जायला कायदा वीस वर्षे तयार नव्हता, त्याच्या मागे जाणे आता न्यायाधीशाचे कर्तव्य ठरले. सावकारही स्वस्थ बसले नाहीत. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत करून घेऊ लागले, आणि पैसे फिटले की जमीन परत देईन हे वचन तोंडी ठेवू लागले. तेव्हा खरेदीखताआड गहाण दडले आहे का, हे तपासण्याचे वेगळे कलम या कायद्यात नंतर घालावे लागले.